तोर्ता आओगादा: रश्शात बुडूनही टिकणारा पाव

पडद्यावर दिसणारा हा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता पाव बोटाने ठोकून पाहिला, तर टकटक असा कोरडा आवाज येतो. याचे नाव बिरोते सालादो. मेक्सिकोच्या पश्चिमेकडील हालिस्को राज्याची राजधानी असलेल्या ग्वादालाहारा शहराचा लाडका पदार्थ, तोर्ता आओगादा, म्हणजे टोमॅटोच्या रश्शात बुडवलेले डुकराच्या मांसाचे सँडविच, या पावावाचून होऊच शकत नाही. या पदार्थाची ख्याती सांगताना लोक मांसाबद्दल आणि तिखटाबद्दल भरभरून बोलतात. आमच्या मते मात्र पहिला मान भट्टीवाल्याचा आहे.

सांता तेरे या जुन्या, गजबजलेल्या वस्तीतील एका साध्या खाणावळीत आपण आलो आहोत. येथे गिऱ्हाइकाला दोनच गोष्टी विचारल्या जातात: मांस कोणत्या भागाचे हवे, आणि पाव किती बुडवायचा. मांस म्हणजे कार्नितास, डुकराच्याच चरबीत मंद आचेवर शिजवून मऊ केलेले तुकडे. कोणी निव्वळ मांसल भाग मागतो, कोणी त्यात कातडीचे लुसलुशीत तुकडे मिसळून घेतो. 'मेदिया आओगादा' सांगितले, तर पावाचा काही भाग कोरडा राहतो. 'बिएन आओगादा' सांगितले, तर अख्खा पाव रश्शाखाली जातो.

पाव एका बाजूने उभा चिरून त्यात उकडून, घोटून परतलेल्या घेवड्याच्या दाण्यांचा थर लावतात, त्यावर मांस दाबून भरतात आणि मग टोमॅटोचा पातळ, सौम्य रस्सा डावाने वरून ओततात. शेवटी लिंबाच्या रसात मुरलेला कांदा येतो. खोलगट ताटलीवर आधी प्लास्टिकची पिशवी चढवलेली असते, म्हणजे ताटली धुण्याचे काम वाचते. अनेक ठिकाणी ही रीत आहे.

मिसळीच्या कटात पाव बुडवणाऱ्या मराठी माणसाला येथे एक प्रश्न हमखास पडेल: इतका वेळ रश्शात राहूनही हा पाव विरघळत कसा नाही? उत्तर त्याच्या आंबवणात आहे. आधीच्या पिठातून राखून ठेवलेले विरजण घालून बिरोतेची कणीक बराच वेळ संथपणे आंबवली जाते. त्यामुळे आतला भाग चिवट आणि किंचित आंबट होतो, तर कडक भट्टीत बाहेर जाड, खरखरीत कवच धरते. मेक्सिकोत इतरत्र मिळणारा मऊ बोलियो रश्शात लवकर लगदा होऊन बसतो. बिरोतेचे कवच मात्र रस्सा हळूहळू आत घेते. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,550 मीटर उंचीवरील या शहराच्या हवापाण्याशिवाय असा पाव साधत नाही, असे येथे अभिमानाने सांगितले जाते. हवापाण्याचा वाटा असेलही, तथापि जुने विरजण आणि घाई न करणारे हात यांचे महत्त्व आम्हाला अधिक वाटते. 1860च्या दशकात फ्रेंच फौजांबरोबर आलेल्या पिरोत नावाच्या सैनिकाने हा पाव येथे रुजवला, अशी एक आख्यायिकाही शहरात ऐकायला मिळते.

तिखटाचा रस्सा वेगळा असतो आणि तो जपून घ्यावा लागतो. वाळलेल्या 'चिले दे आर्बोल' या बारीक, लाल मिरच्या व्हिनेगरसह वाटून तो करतात. हालिस्कोतील याउआलिका परिसराची ही मिरची इतकी नावाजलेली आहे की, 2018 मध्ये तिला आपल्याकडील भौगोलिक मानांकनासारखे सरकारी संरक्षण मिळाले.

पहिल्या घासाला कवच अजून कुरकुरते. त्यामागून मांसाची स्निग्धता, घेवड्याचा गुळगुळीतपणा आणि कांद्याचा आंबट तजेला जाणवतो. बोटे माखतातच, आणि ताटलीतला उरलेला रस्सा चमच्याने संपवावा लागतो. आमचे मत विचाराल, तर पहिल्यांदा खाणाऱ्याने अख्खा पाव रश्शात बुडवून घ्यावा, कारण बिरोतेची खरी परीक्षा तेथेच होते. तिखट मात्र चमच्या-चमच्याने वाढवत न्यावे.