बोल्ट तुटला ते बरंच झालं

टक्. बस, एवढाच आवाज आला. ट्रॅक्टर चालूच आहे, सायलेन्सरमधून धूर निघतोय, चाकं पण फिरतायत, पण मागचा रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या ब्लेडने माती फोडणारं अवजार, एकदम गप्प. ड्रायव्हर काकांनी घाईने उडी मारली नाही हां, आधी पीटीओ, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या अवजाराला देणारी जोडणी, बंद केला, मग इंजिन, मग चावी काढून खिशात टाकली आणि मग खाली उतरले. हा क्रम बघून ठेवा, कारण पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, आणि तो फिरत असताना जवळ गेलेल्या माणसाची बाही किंवा खांद्यावरचा टॉवेल त्यात सापडला की सोडवायला वेळच मिळत नाही.

डिचोली तालुक्यातलं हे शेत, जुलैचा पहिला आठवडा. मिरगाचा पाऊस कधीच पडून गेला, तरवा, म्हणजे भाताची रोपं, तयार आहे, लावणीला बायका उद्या सकाळी येणार म्हणून सांगून ठेवलंय, आणि आज चिखलणी, म्हणजे पाण्यात माती घोळून मऊ करायचं काम, झालं नाही तर उद्याचा दिवस फुकट, कारण परवा त्याच बायकांना दुसऱ्याच्या शेतात बोलावणं आहे. गोव्यात पावसाळ्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, वर सत्तरी तालुक्याकडे त्याहून जास्तच, म्हणजे पाण्याचं टेन्शन नाही. टेन्शन असतं ते ट्रॅक्टरचं. वाड्यावर ट्रॅक्टर एक, फार तर दोन, आणि तो सगळ्यांना हवा असतो एकाच पंधरवड्यात.

(दृश्य: शाफ्टचा योक, काकांचे हात)

आता जवळून बघा. शाफ्टच्या योकमध्ये, म्हणजे टोकाच्या जोडात, बोल्टचा अर्धा तुकडा अडकलाय, काका पंच लावून हातोडीने ठोकतायत, हात कोपरापर्यंत चिखलात. निघाला एकदाचा. तुटलेली जागा सपाट आहे, चकचकीत, म्हणजे जोर एका दमात आला. कशामुळे ते पण सापडलं, ब्लेडमध्ये अडकून बसलेला हा चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा. बांधाला चिरे लावलेत, दर पावसाळ्यात बांध कुठेतरी ढासळतो आणि दगड शेतात घरंगळतात, वर गढूळ पाणी असल्यामुळे ते दिसत नाहीत, ब्लेडलाच कळतात.

ह्याला शिअर बोल्ट म्हणतात आणि ह्याचं कामच तुटायचं. ब्लेड दगडाला अडली की मागे इंजिनचा सगळा जोर येतो, तो कुठेतरी बाहेर पडायलाच हवा, बोल्ट तुटला तर तिथेच विषय संपला, नाही तुटला तर तो जोर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसवर, नाहीतर थेट गिअरबॉक्समधल्या क्राऊन-पिनियन ह्या गिअरच्या जोडीवर. बोल्टची किंमत किरकोळ, क्राऊन-पिनियनचं बिल हजारांत.

पण इथेच खरी गोम आहे. ट्रॅक्टर भाड्याने जातो तासावर. बोल्ट बदलायला वीस मिनिटं गेली तर ती वीस मिनिटं कोणाची ह्यावरून मालक आणि शेतकरी बांधावर उभे राहून वाद घालतात, एकीकडे "पात्रांव (मालक), मशीन बंद होतं तेवढं तर कापा", दुसरीकडे "दगड तुमच्या शेतातला", आणि मध्ये ड्रायव्हर, ज्याला दोघांचीही बोलणी खायची असतात. मग तो काय करतो, पुढच्या वेळी हार्डवेअरच्या दुकानातून कडक बोल्ट आणून बसवतो. बोल्टच्या डोक्यावर आकडा असतो बघा, ८.८, १०.९, १२.९ असा. ८.८ म्हणजे ताण सोसायची ताकद ८०० मेगापास्कल, १०.९ ला १०००, १२.९ ला १२००. शाफ्टवाल्या कंपनीने जो ग्रेड सांगितलाय त्याच्यापेक्षा वरचा टाकला की बोल्ट तुटायचा थांबतो, ड्रायव्हर खूश, मालक पण खूश, आणि चार दिवसांनी गिअरबॉक्समधून करकर यायला लागते. माझं स्पष्ट मत आहे की चिखलणीतली निम्मी मोठी मोडतोड ही अशी पैसे वाचवून विकत घेतलेली असते.

आणि हे आपल्याकडचंच आहे असं नाही. थंड देशांत शेतावरचा बर्फ ट्रॅक्टरने काढतात, मागे पीटीओवर चालणारा, बर्फ उडवणारा स्नोब्लोअर असतो, त्याच्या ऑगरला, म्हणजे फिरत्या स्क्रूला, पण असाच शिअर बोल्ट, तिथे बर्फाखाली लपलेला दगड किंवा लाकडाचा ओंडका आला की टक्. त्यांच्याकडे थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदतो, आपल्याकडे गोठायचा प्रश्नच नाही, पण फिल्टर आपला पण चोंदतो, का ते पुढे येईलच.

(दृश्य: मेकॅनिक स्कूटरवरून उतरतो, सीटखालून पाने काढतो)

हा मेकॅनिक. जून-जुलैत ह्याचा फोन लागला तर नशीब समजा. काकांनी त्याला बोल्टासाठी बोलावलेलं नाही, रोटाव्हेटरच्या एका बाजूने तेल गळतंय म्हणून बोलावलंय. त्याने आल्या आल्या रोटाव्हेटरच्या साइड गिअरचा प्लग खोलला, बोट आत घातलं, बाहेर काढलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. हे तेल काळपट-सोनेरी असायला हवं होतं, हे आहे दूध घातलेल्या चहासारखं. म्हणजे आत पाणी गेलंय. पाणी मिसळलेलं तेल गिअरच्या दातांवर टिकत नाही, लोखंडावर लोखंड घासतं, बेअरिंग तापतं, आणि हे सगळं आत चाललेलं असल्यामुळे बाहेरून काही कळत नाही, कळतं ते एकदम शेवटी.

पाणी गेलं कुठून? सीलमधून. आणि सील कशाने फाटली ते तो कोयतीने कापून दाखवतोय, रोटरच्या टोकाला, बेअरिंगच्या अगदी तोंडाशी, गवत, सुंभ, आणि त्यात माशाच्या जाळ्याचा नायलॉनचा धागा, घट्ट पीळ बसलेला. गवत कुजून निघून तरी जातं, नायलॉन फिरत फिरत आत घुसतो आणि सीलचा ओठ कापत जातो. रोज संध्याकाळी काम संपल्यावर पाच मिनिटं ह्या दोन टोकांना दिली असती तर, पण संध्याकाळी सात वाजता पाऊस कोसळत असताना ते पाच मिनिटांचं काम कोणाला सुचतं सांगा.

"सील आहे काय रे तुझ्याकडे?"

"नाय काका, म्हापशाक बघतो. नायतर बेळगाव."

बेळगाव म्हणजे चोर्ला घाट, आणि पावसाळ्यात घाटात कधी दरड येईल, कधी ट्रक आडवा होईल काही सांगता येत नाही, म्हणजे एक दिवस गेलाच. पण ह्या मुलाने एक शहाणपणाची गोष्ट केली. जुनी सील फडक्याने पुसली, तिच्यावर कोरलेलं माप वाचलं, फोटो काढून दुकानदाराला व्हॉट्सॅप केला. कंपनीच्या डब्यातलीच हवी असं काही नसतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी हे तीन आकडे जुळले की सील बसते. बेअरिंगचं पण तेच. समजा ६२०६ लिहिलंय, तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा, ३० मिलिमीटर, म्हणजे ते ३० च्या शाफ्टवर बसणार, कुठल्याही चांगल्या मेकचं घ्या, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात. चिखलासाठी घेताना नंबरच्या पुढे दोन्ही बाजूंना रबरी सील असल्याची खूण आहे का तेवढं बघायचं.

सील येईपर्यंत दुसरं दुखणं बघू. शेजारच्या कुणग्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, दुसरा ट्रॅक्टर सकाळपासून चालू होतोय आणि बंद पडतोय. ह्याचं कारण त्या निळ्या कॅनमध्ये. डिझेल पंपावरून कॅनमध्ये आणलं, कॅन रात्री उघड्यावर राहिला, झाकणाचा वायसर गेलेला, पावसाचं पाणी आत. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि ओतताना शेवटचा घोट पण वाया जाऊ नये म्हणून आपण कॅन पूर्ण उलटा करतो, झालं, सगळं पाणी टाकीत. टाकीत पाणी राहिलं की कालांतराने डिझेल आणि पाण्याच्या मधल्या थरात बुरशी-जंतू वाढतात, त्याचा चिकट गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो. बर्फवाल्यांचं मेण, आपला हा गाळ.

फिल्टर बदलला तरी गाडी लगेच सुरू होत नाही कारण लाईनमध्ये हवा शिरते. एअर काढायची पद्धत सगळ्या ड्रायव्हरांना येते, तरी दाखवतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हाताचा पंप मारत राहायचं, आधी फसफस बुडबुडे येतात, मग नुसतं डिझेल येतं, की स्क्रू बंद. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसंच. तरी नाही झालं तर इंजेक्टरच्या पाइपांचे नट थोडे ढिले करून स्टार्टर मारायचा. ह्यात घाई करून नुसता स्टार्टर मारत बसलं की बॅटरी उतरते आणि एका आजाराचे दोन होतात.

(दृश्य: केजव्हील, म्हणजे चिखलासाठीची लोखंडी जाळीची चाकं, लावलेला ट्रॅक्टर, मागची चाकं अर्धी बुडालेली)

आता हे बघताना मला स्वतःला धडकी भरते. ट्रॅक्टर रुतलाय, पोट चिखलाला टेकलंय, आणि एक जण लाकडाचा ओंडका घेऊन आलाय, मागच्या चाकांना बांधायला, म्हणजे चाक ओंडक्यावर चढेल आणि गाडी निघेल. गावोगावी हे करतात. आणि ह्यानेच ट्रॅक्टर मागे उलटतो. कारण चाक फिरू शकलं नाही तर इंजिनचा जोर उलट्या बाजूने काम करतो, चाक जागेवर राहतं आणि ट्रॅक्टरचं तोंडच वर उचललं जातं, दीड-दोन सेकंदांत ड्रायव्हर खाली आणि ट्रॅक्टर वर. क्लच दाबायला पण सवड नसते. काकांनी ओरडून त्या पोराला थांबवलं, जे शब्द वापरले ते आम्ही काढून टाकलेत.

रुतलेला ट्रॅक्टर काढायचा तो मागे, ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने. चाकांच्या मागचा चिखल फावड्याने उपसायचा, रोटाव्हेटर वर उचलायचा, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक टाकायचा आणि स्टिअरिंग सरळ ठेवून हळूहळू रिव्हर्स. दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर ओढणाऱ्या ट्रॅक्टरची साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे ओढायच्या दांड्यालाच, अवजार जोडायच्या वरच्या टॉप लिंकला नाही, वर बांधली तर ओढणारा पण उलटायला तयार. आणि साखळी ताणलेली असताना बाकीच्यांनी लांब, बांधावर. एवढा जमाव नेहमी साखळीच्याच शेजारी का उभा असतो देव जाणे.

खाली खाजनात मोठा ट्रॅक्टर नेतच नाहीत, म्हणजे शहाणे नेत नाहीत. भरतीच्या पाण्याच्या पातळीखालची जमीन, मानशीची, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी, दारं आणि बांध आहेत म्हणून शेत आहे, जमिनीत जड मशीनला धरून ठेवेल असं काही नाही. तिथे पॉवर टिलर. बारा-तेरा हॉर्सपॉवर, मागून चालायचं. त्याचं रडगाणं वेगळं, व्ही-बेल्टवर पाणी-चिखल गेला की बेल्ट घसरतो, जळका वास येतो, आणि खाऱ्या मातीमुळे बोल्ट असे गंजतात की पाना लावला तर डोकंच गोल होतं. शिवाय बांधावरून खाली उतरताना टिलरचा स्टिअरिंग क्लच उलटा वागतो, डावा दाबला की मशीन उजवीकडे, कारण उतारावर क्लच सोडलेलं चाक मोकळं होऊन पुढे पळतं. नवीन माणूस तिथेच मशीनसकट खाली जातो. म्हणून जुने लोक उतारावर क्लचला हातच लावत नाहीत, हँडल धरून वळवतात.

संध्याकाळी म्हापशाहून सील आली. माप जुळलं. मेकॅनिकने आतलं सगळं तेल काढून डिझेलने धुतलं, सील बसवताना ओठाला ग्रीस लावलं, हातोडी थेट न मारता लाकडाचा तुकडा मध्ये ठेवला, नवीन तेल भरलं. काकांनी शिअर बोल्ट बसवला, ८.८ चा, आणि आणखी चार बोल्ट सीटखालच्या डब्यात टाकले. अंधार पडेपर्यंत दोन कुणगे झाले, राहिलेला पहाटे करू म्हणाले, बायका नऊच्या आत काही येत नाहीत.

जाताना मेकॅनिकला विचारलं की हे सगळं आधी तपासून घेता येत नाही का. तो हसला. म्हणाला, चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, मशीन जे पत्र्याखाली जातं ते चिखलासकट, कोणी धूत नाही, तेल बदलत नाही, उंदीर वायरिंग खातात, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं चढतं, आणि सहा जूनला फोन येतो की गाडी स्टार्ट होत नाय. "मे महिन्यात मी दुकानात माशा मारत बसलेला असतो. तेव्हा कोण येत नाय."