एक ऑक्टोबरची गाणी

मंडळी, आज एक ऑक्टोबर. उद्याच्या दोन तारखेची आठवण सगळ्यांनाच असते. आजच्या तारखेचं ऋण मात्र आपल्या कानांवर आहे, म्हणून संयोजकांना मी हाच दिवस मागून घेतला.

१९१९ सालच्या एक ऑक्टोबरला आटपाडी तालुक्यातल्या शेटफळे गावी गजानन दिगंबर माडगूळकर जन्मले. त्याच वर्षी, त्याच तारखेला तिकडे उत्तरेत मजरूह सुलतानपुरी जन्मले. एक पुढं मराठी गाण्याचा कणा झाला, दुसरा हिंदी सिनेगीताचा. आणि त्यांच्या आधी तेरा वर्षं, १ ऑक्टोबर १९०६ रोजी, कोमिल्ल्यात त्रिपुराच्या राजघराण्यातले सचिनदेव बर्मन जन्मले होते. हा योगायोगच, मी त्याला दुसरं नाव देत नाही. पण या तिघांची गाणी एका गळ्यातून आली, आणि तो गळा आपल्या सांगलीचा. आशा भोसले इथं सांगलीत जन्मल्या, १९३३ साली. आज बोलायचंय ते याच्यावर.

आधी घरचं. माझी आई आटपाडीकडची. त्या बाजूला पाऊस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. ढग येतात, तोंड दाखवतात आणि पुढं निघून जातात. जेवता जेवता अंधारून आलं की आई हातातला घास तसाच ठेवून अंगणात जायची आणि वर बघत उभी राहायची. अशा माणदेशाच्या मातीतल्या कवीनं 'नाच रे मोरा' लिहिलं. 'देवबाप्पा' हा १९५३चा सिनेमा, संगीत पु. ल. देशपांडे यांचं, गायला आशाताई. गाणं पोरांचं, तीन वर्षांचं लेकरूही म्हणतं. पण त्यातला कापूस आठवा. ढग म्हणजे पिंजलेला काळा कापूस! पिंजारी बघितलेला, धनुकलीचा आवाज ऐकलेला माणूसच असं लिहू शकतो. मला तर वाटतं, ढगाकडं इतक्या आशेनं बघायला दुष्काळातच जन्मावं लागतं. कोकणातल्या कवीला पावसाचं कौतुक असेल, माणदेशातल्याला त्याची तहान असते.

आता मजरूह. शिकले हकिमी, नाव झालं शायर म्हणून. 'शाहजहान' या १९४६च्या सिनेमासाठी त्यांनी सैगलला गाणी दिली. पुढं राजकीय कवितेपायी तुरुंगातही गेले. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले ते पहिले गीतकार. त्यांचं मोठेपण मला दिसतं ते मात्र दोघांच्या भांडणात. 'काला पानी' मधलं 'अच्छा जी मैं हारी' घ्या. १९५८ साल, चाल बर्मनदांची, आवाज रफी आणि आशाताईंचा, पडद्यावर मधुबाला आणि देव आनंद. रुसलेल्याला मनवायचंय. हार कबूल केलीय, पण त्या 'जी'मध्ये अजून थोडा तोरा शिल्लक आहे. आशाताई तो 'जी' किती हलका सोडतात, ते घरी गेल्यावर पुन्हा ऐका. एका अक्षरात लाडही आहे आणि माघारही आहे.

या गाण्यांमागं एक दुराव्याची गोष्ट आहे. १९५७च्या सुमारास बर्मनदा आणि लताबाईंमध्ये अंतर पडलं, ते पाचेक वर्षं राहिलं. त्या काळात बर्मनदांची कितीतरी गाणी आशाताईंकडं गेली. 'पेइंग गेस्ट', 'नौ दो ग्यारह', 'चलती का नाम गाडी', 'काला पानी', सगळे १९५७-५८चे सिनेमे आणि चारही ठिकाणी शब्द मजरूहचे. एका घरातल्या दोन बहिणी, दोघींचंही बालपण या गावाच्या गल्ल्यांत गेलेलं. एकीच्या नाराजीतून दुसरीला वाट मिळाली. मात्र नुसत्या संधीनं गाणं होत नाही. त्या संधीचं सोनं करायचा रियाज अंगात होता, आणि तो दीनानाथरावांच्या घरातला.

मागच्या वेळी एका तरुण श्रोत्यानं विचारलं होतं, आधी शब्द की आधी चाल? आजच्या तिघांकडं याची दोन्ही उत्तरं आहेत. बर्मनदांकडं बहुतेक चाल आधी व्हायची आणि शब्द तिच्या मापानं बसवायचे. 'गीतरामायणा'त उलट. १ एप्रिल १९५५, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं. गदिमांनी आधी लिहायचं, मग सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, आणि आठवडा संपला की नवं गाणं तयार पाहिजे. असं करत छप्पन्न गाणी झाली. दोन्ही रीतींनी उत्तम गाणं होतं, एवढं या पुराव्यावरून मी छातीठोकपणे सांगतो.

एक ऑक्टोबरची एक परदेशी नोंदही आहे. १९८२ साली याच दिवशी जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला. ती सीडीही आता अडगळीत गेली, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

आटपाडीचं मात्र अजून एक सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला इथून उतरवणार नाही. तिथल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून गदिमांनी 'दो आँखें बारह हाथ'ची कथा लिहिली. १९५७चा सिनेमा, शांतारामबापूंचा. त्यातली 'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही प्रार्थना भरत व्यासांनी लिहिली, वसंत देसाईंनी बांधली, लताबाईंनी गायली. शाळाशाळांतून पोरं ती म्हणतात. तिचं मूळ आपल्या जिल्ह्यातल्या एका उजाड माळावर आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. शिक्षक मंडळी इथं बसली आहेत, त्यांना माझी ही हात जोडून विनंती आहे.

आता बोलणं पुरे. तबकडी आणली आहे. आधी 'नाच रे मोरा' लावतो, मग 'अच्छा जी'. मागच्या बाकांवरच्यांनी पुढं या, आवाज बारीक आहे.