स्तनाच्या पुनर्रचनेतली जाळी

श्रोतेहो, नमस्कार. कर्करोगामुळे स्तन काढावा लागल्यानंतर त्या जागी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवताना त्याला खालून आधार मिळावा म्हणून शल्यविशारद अनेकदा कृत्रिम धाग्यांची जाळी वापरतात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत अशा जाळ्या कित्येक दशके वापरात आहेत. परंतु पोटाच्या भक्कम भिंतीत बसवलेली जाळी आणि स्तन काढल्यावर उरलेल्या, रक्तपुरवठा कमी झालेल्या पातळ त्वचेखाली बसवलेली जाळी यांत मोठा फरक आहे, आणि बऱ्याच गुंतागुंतींचे मूळ या फरकातच असते.

सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे जखमेत पाणी साठणे. शस्त्रक्रियेनंतर शेजारी लटकणाऱ्या ड्रेनच्या, म्हणजे जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीच्या, बाटलीत सुरुवातीला लालसर आणि पुढे पिवळट होत जाणारा स्राव जमतो. चोवीस तासांत तो साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आला की नळी काढतात. पाणी साठतच राहिले, तर जाळी आसपासच्या ऊतींना चिकटत नाही, तिच्या धाग्यांवर जंतूंना आसरा मिळतो आणि ते स्वतःभोवती असा चिकट थर तयार करतात की प्रतिजैविके त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. अशा वेळी पुष्कळदा इम्प्लांट आणि जाळी दोन्ही काढावी लागतात. त्याहून गंभीर बाब अशी की, जखम भरेपर्यंत किमोथेरपी किंवा रेडिएशन लांबणीवर पडू शकते, आणि माझ्या मते पुनर्रचनेचा निर्णय घेताना या शक्यतेचा विचार दिसण्याच्या विचाराआधी व्हायला हवा.

जाळ्यांचेही प्रकार आहेत. पॉलिग्लॅक्टिनची जाळी महिनाभरात ताकद गमावते आणि दोन-अडीच महिन्यांत विरघळते, त्यामुळे इम्प्लांट खाली सरकण्याची शक्यता उरते. टायटॅनियमचा लेप दिलेली पॉलिप्रोपिलीनची जाळी मात्र कायमची राहते. ती पातळ त्वचेखाली हाताला लागू शकते आणि ऊती तिच्यात वाढलेल्या असल्याने पुढे काढणे अवघड जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉक्टरांना पत्र पाठवून स्तनाच्या शस्त्रक्रियेत जाळीची सुरक्षितता आणि परिणामकारकता निश्चित झालेली नसल्याचे कळवले होते. म्हणून कोणती जाळी वापरणार आणि ती स्तनासाठी मंजूर आहे का, हे आधीच विचारावे. असे विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

धूम्रपान, अनियंत्रित मधुमेह, लठ्ठपणा आणि रेडिएशन यांनी धोका वाढतो, हे डॉक्टर सांगतातच. पण आपल्याकडच्या कितीतरी भगिनी रोज मिश्री लावतात आणि 'मला कसलेही व्यसन नाही' असे अगदी प्रामाणिकपणे सांगतात. मिश्रीतले निकोटिनही रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे कातडीचा काही भाग काळा पडून जाळी उघडी पडण्याचा धोका वाढू शकतो. तेव्हा मिश्रीची सवय शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी.

घरी गेल्यावर ताप, वाढती लाली, एका बाजूची अचानक सूज किंवा टाक्यांतून पाणी येणे यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जाळीचे आणि इम्प्लांटचे नाव व बॅच क्रमांक असलेले स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्यावे, कारण काही वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली, तर त्यांना आधी तेच लागेल.