साखळीने मोजलेला प्रांत: सस्कॅचेवान

श्रोतेहो, नमस्कार.

कॅनडाचा नकाशा घरात असेल तर काढा. त्याच्या मधल्या भागात, जरा डावीकडे, एक उभा तुकडा दिसेल. वर थोडा निमुळता, खाली रुंद. तो सस्कॅचेवान प्रांत. कॅनडाच्या गवताळ मैदानांचा, म्हणजे प्रेअरीचा जो पट्टा आहे, त्यात तीन प्रांत येतात. पश्चिमेला अल्बर्टा, पूर्वेला मॅनिटोबा आणि मधे हा. क्षेत्रफळ साडेसहा लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. आणि माणसं? २०२१च्या जनगणनेत ११ लाख ३२ हजार. आपल्या एकट्या गडचिरोली जिल्ह्यात साधारण तेवढी आहेत.

या प्रांताची एकही सीमा निसर्गाने आखलेली नाही. ना नदी, ना डोंगर, ना समुद्र. दक्षिणेला ४९ अंश अक्षांश, उत्तरेला ६० अंश, पश्चिमेला ११० अंश रेखांश. पूर्वेची रेषा तेवढी पायऱ्यापायऱ्यांची आहे, ती का ते पुढे सांगते. १ सप्टेंबर १९०५ रोजी हा प्रांत कॅनडाच्या कारभारात जन्माला आला तो असा, पट्टी लावून.

प्रेअरी प्रांत म्हणतात खरं, पण उत्तरेच्या अर्ध्या भागाला ते नाव लागू पडत नाही. तिकडे जंगल, अतिप्राचीन खडक आणि लाखभर तळी. तिथल्याच युरेनियमचा तीन हजार टनांहून अधिक पुरवठा भारताच्या अणुभट्ट्यांना करायचा, असा करार २०१५ मध्ये झाला होता. पण आज आपण दक्षिणेत राहू. तिथली जमीन इतकी सपाट, की तिथले लोक स्वतःच थट्टा करतात, ‘आमचं कुत्रं पळून गेलं तरी तीन दिवस दिसत राहतं.’

ही जमीन कुणाची होती? क्री, सोटो, असिनिबोइन, डकोटा आणि मेटी लोकांची. मेटी म्हणजे फ्रेंच, स्कॉटिश व्यापारी आणि आदिवासी स्त्रिया यांच्या वंशातून उभा राहिलेला स्वतंत्र समाज. या सगळ्यांचं जगणं गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसन या प्राण्यावर चालायचं. कागदोपत्री मात्र हा मुलूख लंडनच्या हडसन्स बे कंपनीच्या नावावर होता, आणि १८७० मध्ये तो तीन लाख पौंडांना कॅनडा सरकारकडे गेला. राहणाऱ्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार सोसलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

मग आले मोजणीदार. त्यांच्या हातात लोखंडी साखळी, ६६ फुटांची. आपल्या दख्खनच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. त्यांची साखळी बरोबर दुप्पट, म्हणजे एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागेत आपले चार गुंठे बसतात. माप इंग्रजांचंच, पण कामात मोठा फरक. आपल्याकडे शेत आधी होतं, बांध होते, वहिवाट होती आणि मोजणी नंतर आली. तिथे आधी चौकोन पडले, शेतं नंतर झाली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैलाचा. सेक्शनचे चार भाग केले की १६० एकरांचा तुकडा पडतो. १८७२च्या कायद्याने तो तुकडा दहा डॉलर फी भरली की मिळायचा. तीन वर्षांत तिथे घर बांधायचं, राहायचं, ठरलेली जमीन नांगराखाली आणायची, मग मालकी. बाईच्या नावावर मात्र सहसा मिळत नसे. विधवा असेल, पदरात मुलं असतील, तर गोष्ट वेगळी.

आता त्या पूर्वेच्या पायऱ्या. पृथ्वी गोल, आणि चौकोन सपाट कागदावरचे. उत्तरेकडे जावं तशा रेखांशाच्या रेषा एकमेकींजवळ सरकतात, आणि मैलाचा हिशोब जुळेना होतो. म्हणून दर २४ मैलांवर मोजणीदारांनी रेषा बाजूला सरकवून नव्याने सुरू केली. आजही त्या भागात उत्तरेकडे नाकासमोर जाणारा रस्ता अचानक काटकोनात वळतो, थोडा आडवा जातो आणि पुन्हा उत्तरेला लागतो. तिथे ना ओढा असतो, ना टेकडी. आडवी येते ती पृथ्वीची गोलाई. पूर्वेची सीमा याच मोजणीच्या रेषेवरून नेली, म्हणून तिला पायऱ्या.

या चौकोनांचं मोठं भांडण पेटलं दक्षिण सस्कॅचेवान नदीच्या काठी, बाटोश गावात. मेटी शेतकऱ्यांची शेतं म्हणजे नदीपासून आत जाणाऱ्या अरुंद, लांबच लांब पट्ट्या. पट्टी अशी का? प्रत्येकाला पाणी मिळतं, काठचं लाकूड मिळतं, मागे गवताचं कुरण मिळतं, आणि शेजारी हाकेच्या अंतरावर राहतो. मला तर ही रचना चौकोनापेक्षा कितीतरी शहाणी वाटते. या पट्ट्या आमच्या नावावर करा, असे अर्ज त्यांनी राजधानी ओटावाला पाठवले आणि उत्तराची वाट पाहत बसले. शेवटी १८८४ मध्ये गॅब्रिएल ड्युमाँ हा त्यांचा म्होरक्या घोड्यावरून सीमेपलीकडे अमेरिकेतल्या माँटानात गेला आणि तिथे शाळामास्तरकी करणाऱ्या लुई रिएलला, मेटींच्या जुन्या पुढाऱ्याला, घेऊन आला.

पुढच्या वसंतात लढाई झाली. ९ ते १२ मे १८८५, चार दिवस. सरकारी फौजेने नॉर्थकोट नावाची आगबोट नदीतून आणली होती. मेटींनी काय केलं, तर नदी ओलांडायच्या तरीचा आडवा तारदोर खाली सोडला. बोट त्याला अडकली आणि तिची धुराडी मोडून पडली. पण दारूगोळा संपला. शेवटी बंदुकीत खिळे आणि खडे भरून ते लढत होते. रिएल शरण आला. रेजायना शहरात खटला चालला, ज्यूरीने दोषी ठरवलं पण दया दाखवावी अशी शिफारसही केली. ती मानली गेली नाही. १६ नोव्हेंबरला फाशी झाली. त्याच महिन्यात बॅटलफर्डला आठ आदिवासी पुरुषांना एकत्र फासावर चढवलं. त्यानंतर कित्येक मेटी कुटुंबं रस्त्यांसाठी सोडलेल्या सरकारी पट्ट्यांवर झोपड्या बांधून राहिली. बाकी सगळ्या जमिनीला मालक लागलेला होता.

वसाहतवाले आले ते युक्रेनमधून, जर्मनीतून, स्कँडिनेव्हियातून, ब्रिटनमधून. सुरुवातीला कित्येकांनी गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून त्यांचीच घरं बांधली. हिवाळा उणे चाळीस अंशांचा. गहू उदंड पिकला, आणि पिकल्यावर शेतकऱ्याचं जे होतं तेच झालं.

तिथे दर आठ-दहा मैलांवर रेल्वेचं ठाणं असे, कारण घोडागाडी भरून नेऊन दिवसाउजेडी परत यायला तेवढंच अंतर परवडे. ठाण्यावर लाकडी, उंच धान्यकोठार उभं. आत काम कसं चाले पाहा. गाडी सरळ आत काट्यावर चढवायची, वजन व्हायचं, मागची फळी उघडली की गहू खालच्या खड्ड्यात. तिथून पट्ट्यावर लावलेले छोटे डबे तो वर माथ्यापर्यंत नेत, आणि वरून तो वेगवेगळ्या कप्प्यांत पडे. मालगाडीचा डबा आला की कप्पा उघडायचा, गहू आपोआप डब्यात.

भांडण व्हायचं ते काट्यावर. वजनात मारायचं, कचऱ्याच्या नावाखाली घट धरायची, प्रत खालची लावायची. बाजार समितीत माल नेणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. रेल्वेचे डबेसुद्धा कोठार कंपन्यांना आधी मिळत. १९०१ मध्ये शेतकऱ्यांनी संघटना बांधली आणि सिंटालुटा गावच्या रेल्वे एजंटाला १९०२ मध्ये कोर्टात खेचलं. डबे मागणीच्या क्रमानेच द्यायचे, असा कायदा होता, आणि एजंट दोषी ठरला. १९२४ मध्ये त्यांनी व्हीट पूल काढला, गव्हाची सहकारी संस्था. प्रांतभर तिची स्वतःची कोठारं उभी राहिली. आपल्या प्रवरेच्या साखर कारखान्याच्या पाव शतक आधी. पुढे १९९६ मध्ये तिचे भाग शेअर बाजारात आले, मग ती कंपनीच झाली. सहकाराचं असं होताना आपणही पाहिलंय.

१९३१ मध्ये लोकसंख्येत हा कॅनडातला तिसरा प्रांत होता. नंतरच्या दहा वर्षांत दुष्काळ, टोळ, धुळीची वादळं आणि पडलेले भाव. ५ जुलै १९३७ ला दोन गावांत पारा ४५ अंशांवर गेला. लोक गावं सोडून गेले. मोटारीला पेट्रोल परवडेना म्हणून इंजिन काढून पुढे घोडे जुंपले, आणि त्या गाडीला त्या वेळचे पंतप्रधान बेनेट यांचं नाव दिलं. विनोदबुद्धी शाबूत होती म्हणायची.

त्या दिवसांतूनच टॉमी डग्लस वर आले, वेबर्न गावचे पाद्री. १९४४ मध्ये ते प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाले. १९४७ पासून रुग्णालयाचा खर्च सार्वजनिक विम्यातून, आणि १ जुलै १९६२ पासून डॉक्टरची फीसुद्धा. त्या दिवशी बहुसंख्य डॉक्टर संपावर गेले. २३ दिवस संप चालला. तेव्हा प्रीमियर होते वुड्रो लॉइड, ते हलले नाहीत. थोड्याच वर्षांत हीच योजना देशभर गेली. आता ही कल्पना अशा ठिकाणी का सुचावी? माझं मत विचाराल, तर कारण त्या चौकोनांतच आहे. शेजारचं घर अर्धा-एक मैल लांब, एकट्या गावाला डॉक्टर परवडत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळातच काही ग्रामीण पालिकांनी कर गोळा करून पगारी डॉक्टर ठेवले होते. सवय जुनी होती.

आणि आता आपलं स्वयंपाकघर. १९७० मध्ये गहू इतका साठला, की सरकारने तो न पेरण्यासाठी पैसे दिले. दुसरं पीक हवं होतं. सस्कॅचेवान विद्यापीठात अल स्लिंकार्ड यांनी मसुरीवर काम केलं आणि १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हे वाण दिलं. पूर्वी ओलावा धरण्यासाठी जमीन वर्षभर पडीक ठेवत, तिथे मसूर आणि वाटाणा आला. मसूर निर्यातीत आज कॅनडा जगात सर्वांत पुढे, आणि त्यातली बहुतेक मसूर या एका प्रांताची. आपण मोठे गिऱ्हाईक. २०१७च्या अखेरीस भारताने वाटाण्यावर ५० टक्के आणि मसुरीवर ३० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा तिकडचे भाव कोसळले. शुल्क उठवलं की इकडे विदर्भ-मराठवाड्यातला हरभरावाला चिडतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

उसाला, केळीला घालतो ते पोटॅश भारत जवळजवळ सगळं आयात करतो, आणि त्याचा जगातला सर्वांत मोठा साठा या प्रांतात आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं ते गुलाबी मीठ सॅस्कटून शहराजवळ साधारण एक किलोमीटर खोलीवर सापडतं.

चौकोनांचा हिशोब अजून मिटलेला नाही. १८७४ आणि १८७६च्या करारांत आदिवासींना पाच जणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल द्यायचं ठरलं होतं. अनेक समूहांना ते पुरतं मिळालंच नाही. २२ सप्टेंबर १९९२ रोजी त्यावर तडजोड झाली. जमीन नाही दिली, रोख रक्कम दिली. तिच्यातून, विकायला तयार असेल त्याच मालकाकडून, जमीन विकत घ्यायची. त्याआधीच, १९८८ मध्ये, मस्केग लेक या क्री समूहाची जमीन थेट सॅस्कटून शहरात राखीव क्षेत्र म्हणून मंजूर झाली होती. आज तिथे कार्यालयं आणि व्यवसाय चालतात. गावाकडची जमीन विकत घ्यायची, तर कागदावर आजही सेक्शन, टाउनशिप आणि रेंज, म्हणजे टाउनशिपांची उभी रांग, यांचेच आकडे लिहावे लागतात.

नमस्कार.