रोजी कुणी पाडली?

सकाळचे सात. नागपुरातला हा ठिय्या, म्हणजे रोजंदारी मजुरांचा नाका. थापी, ओळंबा, घमेलं, पिशवीत जेवणाचा डबा. बालाघाटचे गवंडी, राजनांदगावकडच्या रेजा (बांधकामावरच्या मजूर बाया), भंडाऱ्याहून पहिल्या गाडीनं आलेली पोरं. ठेकेदाराची गाडी थांबते, सगळे तिला घेरतात. चार माणसं हवीत, वीस धावतात. भाव तिथंच उतरतो.

“बाहेरच्यांनी रोजी पाडली.” हे इथे सर्रास ऐकू येतं. आता बाहेरचे कोण? १९५६ पर्यंत बालाघाट अन् रायपूरचीही राजधानी नागपूरच होती.

हा मॉल बघा. इथे एम्प्रेस मिल होती. जमशेदजी टाटांनी तलावाजवळची दलदल भरून घेतली आणि १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू केली. पैसे द्यायला नकार देणारा सावकार पुढे म्हणाला म्हणे, या माणसानं माती घालून सोनं काढलं. कापूस वऱ्हाडातला, हात खेड्यापाड्यांतून आलेले. पण मजूर टिकत नव्हते, खाडे फार. त्यांना धरून ठेवायचं तर काही देणं भाग होतं. १८८६ मध्ये पेन्शन फंड आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. मालकाला तेव्हा माणसांची गरज होती, एवढंच.

१९८६ मध्ये मिल सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली. हजारो घरांची चूल अडली. जागेचा भाव मात्र चढत गेला. तिच्यातून पैसा काढायला आता कापड विणायचे साचे लागत नाहीत.

हे मिहान, विमानतळाजवळचा उद्योग प्रकल्प. शिवणगाव, दहेगाव, तेल्हारा इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी यात गेल्या. टाटा-एअरबसचा विमान प्रकल्प इथे येईल अशी आशा होती. २०२२ मध्ये तो वडोदऱ्याला गेला. इंजिनीअर झालेली पोरं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातात. तिथे बाहेरचे म्हणजे हेच!

आणि हे नवे टॉवर. बालाघाटचा गवंडी समोर दिसतो, म्हणून राग त्याच्यावर निघतो. ज्याच्या टॉवरसाठी ही रोजी पाडली जाते, तो ठिय्यावर कधी येत नाही. बांधकाम खर्चावरचा कल्याण उपकर तो भरतो, निधी बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जमा होतो. मजुराला त्यातलं काही हवं असेल तर आधी नोंदणी, आणि नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला. रोज वेगळा ठेकेदार, रोज वेगळी साइट. ठिय्यावरच्या या रेजाच्या कोऱ्या फॉर्मवर सही करायला अजून एकही ठेकेदार तयार नाही.