ट्रेलरपेक्षा गेम मोठा निघतो तेव्हा

नमस्कार सोलापूरकर! सुट्ट्या लागल्यात, दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही, घराघरात पोरं मोबाईल नाहीतर कॉम्प्युटर घेऊन बसलीत. म्हणून आज गेमवरच बोलूया, आणि तेही इंडी गेमवर, म्हणजे एकटा माणूस किंवा छोटी टीम स्वतःच्या हिमतीवर बनवते ते गेम. मला हे गेम आवडतात कारण इथे कुणाचाच अंदाज चालत नाही, ज्याचं नाव पण ऐकलेलं नसतं तो वेड लावतो आणि ज्याची वर्षानुवर्षं वाट बघितली तो पहिल्याच दिवशी झोपतो.

सुरुवात स्टारड्यू व्हॅलीपासून. अमेरिकेतला एरिक बॅरोन, २०११ ला कॉम्प्युटर सायन्सची डिग्री घेऊन बाहेर पडला, नोकरी मिळेना, मग हात बसावा म्हणून एक शेतीचा गेम करायला घेतला आणि त्यात चार वर्षांहून जास्त गेली. कोड त्याचा, चित्रं त्याची, म्युझिक पण त्याचंच, आणि खर्चापुरतं म्हणून सिॲटलच्या एका थिएटरमध्ये लोकांना सीट दाखवायचं काम. फेब्रुवारी २०१६ ला गेम आला, दोन महिन्यांत १० लाख कॉप्या गेल्या आणि २०२४ संपेपर्यंत आकडा ४ कोटींच्या वर. आता गेममध्ये आहे काय, तर आजोबांची पडीक जमीन, बी पेरा, पाणी घाला, गावातल्या लोकांशी दोन शब्द बोला. मंगळवेढ्याकडचा माझा एक मित्र आहे, घरची खरी ज्वारी आहे त्याची, तो रात्री जेवण करून परत ह्या गेममध्ये शेतीच करत बसतो, विचारलं तर म्हणतो, इथं टीव्हीवर सांगितलेला पाऊस दुसऱ्या दिवशी पडतोच की ओ. मला वाटतं ह्या गेमचं सगळं यश त्या एका वाक्यात आलं.

बालाट्रो पण असाच. पत्त्यांचा गेम, बनवणारा कॅनडातला, खरं नाव सांगत नाही, लोकलथंक नावाने ओळखला जातो. पोकरचे हात, म्हणजे पत्त्यांच्या ठरलेल्या जुळण्या, लावायचे, पैसे लावायचे नाहीत, आणि मध्ये मध्ये असे जोकर मिळतात की सगळं गणितच उलटंपालटं होतं. फेब्रुवारी २०२४ ला आला, महिन्याभरात १० लाख विकला. आणि साध्या जुन्या लॅपटॉपवर सुद्धा चालतो, महागड्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही, हे आपल्याकडच्या पोरांसाठी फार महत्त्वाचं.

आता दुसरी बाजू. होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा तंबूच्या बाहेर केवढे बोर्ड रंगवलेले असतात, आणि आत गेल्यावर तेच सगळं सापडेल असं लहान पोरगं पण धरून चालत नाही. तिथं तिकिटाचे थोडेसे पैसे जातात, विषय संपला. पण द डे बिफोर नावाच्या गेमने ४० डॉलर घेतले. झॉम्बीचं भलंमोठं मोकळं जग, हजारो खेळाडू एकत्र, असे ट्रेलर, एके काळी स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, लोकांच्या विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, सगळ्यात वर हाच होता. ७ डिसेंबर २०२३ ला आला, आत ते जग नव्हतंच, आणि चार दिवसांत स्टुडिओने बंद होत असल्याचं जाहीर केलं! लोकांना रिफंड मिळाले, पण ज्यांनी मित्रांना गोळा करून वाट बघितली होती त्यांच्या उत्साहाचं काय? मला ह्याचा अजून राग येतो.

नो मॅन्स स्काय मात्र वेगळं प्रकरण, ह्यावर थोडं थांबूया. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची हेलो गेम्स, छोटीशी टीम, शॉन मरे त्यांचा म्होरक्या. १८ वर १८ शून्यं, एवढे ग्रह! एकेक ग्रह हाताने काढलेला नाही, गणिताच्या सूत्रातून आपोआप तयार होणारा. ऑगस्ट २०१६ ला आला आणि पहिल्याच दिवसांत दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोचले, तरी एकमेकांना दिसलेच नाहीत. मुलाखतींमध्ये सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी गेममध्ये नव्हत्या, लोक भडकले, आणि ते भडकणं बरोबरच होतं. पण ही टीम पळाली नाही. तोंड बंद ठेवलं, काम करत राहिले, नोव्हेंबर २०१६ ला पहिला मोठा अपडेट, जुलै २०१८ ला खरंखुरं एकत्र खेळणं, आणि हे सगळं फुकट, ज्याने एकदा विकत घेतला त्याला परत एक रुपया द्यावा लागला नाही. आज तो चांगला गेम आहे असं मी मनापासून सांगतो, तरी पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजलेल्यांना अर्धवट माल मिळाला हेही तितकंच खरं.

म्हणून पोरांनो, पॉकेटमनी साठवून घेताय तर आधी कुणाला तरी अर्धा तास खेळताना बघा, ट्रेलर नाही, खेळणं. डेमो असेल तर तो घेऊन खेळून बघा. आणि स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत मागता येतात, हे खूप जणांना माहीतच नसतं.

आणि आपल्या जवळचा एक. राजी, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचतो त्या पुण्याचा. लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी २०२० ला त्यांनी गेम आणलाच. राक्षसांनी पळवलेल्या गोलू नावाच्या भावाला शोधणारी मुलगी, आणि गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. महाल, भिंतीवरची चित्रं, दिव्यांचा उजेड बघून पहिला तास तर मी नुसता बघतच राहिलो. द गेम अवॉर्ड्स नावाच्या गेमच्या पुरस्कारांत, पदार्पणातल्या इंडी गेमसाठीच्या नामांकनात हा होता. मारामारी मात्र जरा अडखळते, आणि शेवट इतका अचानक येतो की पुढचा भाग कुठंय म्हणून शोधावं लागतं. तरी खेळाच, नंतरच्या आवृत्तीत हिंदी आवाज पण आहेत.

सोलापुरात कुणी इंजिनिअरिंगचा पोरगा, कुणी पोरगी असा गेम करत असेल, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, कशातही, तर आम्हाला कळवा. गोडो सारखं इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, त्यावर केलेला असला तरी चालेल, अर्धवट असला तरी चालेल. आम्ही खेळून बघू आणि कसा आहे ते ह्याच वेळेला सरळ सांगू.