शंभर रुपयांचे एकशे चव्वेचाळीस

नमस्कार श्रोतेहो. माझ्या एका मित्राला जुन्या नोटा जमवायचा नाद आहे, मध्यंतरी त्याच्याकडे गेलो तर त्याने दहाची एक नोट पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, नीट बघ. सहाव्या जॉर्जचं चित्र, रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया असं छापलेलं, सगळं आपलंच, पण वॉटरमार्कची पांढरी जागा असते ना तिथे वरती इंग्रजीत गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान आणि खाली उर्दूत हुकूमत-ए-पाकिस्तान. आणि सही कोणाची? सी. डी. देशमुखांची! आपले महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मी ती नोट किती वेळ हातात धरून बसलो होतो.

कारण फाळणी झाली तरी ३० जून १९४८ पर्यंत दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक एकच होती, मुंबईतली. १ जुलैला कराचीत, म्हणजे पाकिस्तानच्या तेव्हाच्या राजधानीत, जीनांच्या हस्ते स्टेट बँक ऑफ पाकिस्तान सुरू झाली. तरी रुपयाला रुपया हाच हिशेब चालू राहिला, तिकडचे शंभर म्हणजे इकडचे शंभर, डॉलरला दोघांचेही साधारण ३ रुपये ३१ पैसे (तेव्हा आणे-पै होते, मी आजच्या भाषेत सांगतोय).

मग आला १८ सप्टेंबर १९४९, रविवार. ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन जाहीर केलं, ४ डॉलर ३ सेंटचा पौंड एकदम २ डॉलर ८० सेंटवर. आपला रुपया पौंडाला बांधलेला, त्यामुळे आपणही लगोलग तेवढाच खाली आलो, ३०.५ टक्के, आणि डॉलर झाला ४ रुपये ७६ पैशांचा. पाकिस्तान मात्र म्हणाला, आम्ही नाही करणार. त्यांचा विचारही अगदीच चुकीचा नव्हता बरं का. त्यांचा मुख्य माल म्हणजे कच्चा ताग आणि कापूस, गिऱ्हाईक ठरलेलं, मग तो स्वस्त कशाला विकायचा, आणि कारखाने उभे करायला बाहेरून यंत्रं आणायची तर रुपया महाग असलेलाच बरा. पण त्याचा परिणाम असा झाला की काल जिथे शंभराला शंभर होते तिथे एका रात्रीत पाकिस्तानचे शंभर रुपये म्हणजे भारताचे एकशे चव्वेचाळीस! भारत सरकारने ही हुंडणावळ, म्हणजे चलनांच्या अदलाबदलीचा हा दर, मानायलाच नकार दिला, आणि दोन देशांमधला व्यापार जवळपास थांबला.

आता हे आकडे जरा तागाच्या शेतात नेऊन बघा. फाळणीत तागाच्या झाडून सगळ्या गिरण्या आल्या भारतात, हुगळीच्या काठाला, कलकत्त्याच्या आसपास. आणि चांगला ताग पिकायचा तो पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानात, तिथे एकसुद्धा गिरणी नव्हती. आणि हे सगळं झालं कधी, तर सप्टेंबरात, म्हणजे शेतकऱ्याने ताग कापून, पाण्यात कुजवून, सोलून, वाळवून बाजारात आणायचा तो मोसम. विकत घेणारा गिरणीवाला सीमेपलीकडे, त्याला शंभराच्या मालाला एकशे चव्वेचाळीस मोजायचे नव्हते आणि सरकार मोजू देतही नव्हतं. इकडे गिरण्यांना माल पुरेना, तिकडे शेतकऱ्याच्या दारात ताग पडून. पाकिस्तानने मग ताग बोर्ड नेमला, किमान भाव बांधला, त्या वर्षी नोव्हेंबरात नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान काढली ती सुद्धा मुळात या तागाला पैसा पुरवायला. भारताने पाकिस्तानला जाणारा कोळसा अडवला. आणि मला सगळ्यात लागतं ते हे, की पूर्व बंगालच्या त्या शेतकऱ्याला ना कराचीने विचारलं होतं ना दिल्लीने, त्याच्या तागाचा भाव त्याने कधी न बघितलेल्या डॉलरवरून ठरला.

१९५० च्या एप्रिलमध्ये दोन्ही पंतप्रधानांमध्ये अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा नेहरू-लियाकत करार झाला, त्याच महिन्यात दराचा वाद तसाच बाजूला ठेवून थोड्याफार मालाची देवाणघेवाण सुरू झाली. पण कोंडी फोडली ती कोरियाच्या युद्धाने. जून १९५० मध्ये ते पेटलं आणि जगभर कच्च्या मालाचे भाव कडाडले, तागाला, कापसाला इतकी मागणी आली की पाकिस्तानचा महाग रुपया सगळ्यांना परवडायला लागला. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तो दर मान्य केला. त्या वेळी अर्थमंत्री कोण? सी. डी. देशमुख. ज्यांची सही दोन्ही रुपयांवर होती, त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात दोन रुपये दोन वेगळ्या किमतीचे आहेत हे आपण कागदावर मान्य केलं. त्यांना काय वाटलं असेल, मी बरेचदा विचार करतो.

कोरियाची तेजी ओसरली तशी पाकिस्तानची मिळकतही घसरली, आणि १९५५ च्या जुलैअखेर त्यांनीही अवमूल्यन केलं, डॉलरला ४ रुपये ७६ पैसे, म्हणजे पुन्हा शंभराला शंभर. ती बरोबरी अकरा वर्षं टिकली. ६ जून १९६६ ला आपण डॉलर साडेसात रुपयांवर नेला तेव्हा त्यांचे शंभर पुन्हा आपल्या दीडशेच्या वर गेले, आणि मे १९७२ मध्ये पाकिस्तानने एकदम अकरा रुपयांना डॉलर केला तेव्हा पारडं उलटं फिरलं.

तोवर तो तागवाला शेतकरी पाकिस्तानात राहिलाच नव्हता. पूर्व बंगालच्या तागाचा पैसा कराचीकडे जातो ही तक्रार तिथे वर्षानुवर्षं होती, आणि १९७१ मध्ये बांगलादेश झाला. १९७२ मध्ये ढाक्याने आपलं चलन काढलं, टका. त्याचा दर पहिल्यांदा ठरवला तेव्हा पौंडाला जेवढे भारतीय रुपये पडत होते बरोबर तेवढेच टके धरले, म्हणजे एका रुपयाला एक टका.